खाच जिथे गप्प राहते : घरच्या घरी डेस्कटॉप संगणक जोडताना

डेस्कटॉप संगणकाचे झाकण पहिल्यांदाच उघडणाऱ्या माणसाला आत पाट्यांचा आणि तारांचा गुंता दिसतो, आणि हे काम कारखान्यातल्या सरावलेल्या हातांचेच असणार असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात घरी संगणक जोडण्यात घडवण्यासारखे काहीच नसते. डाग देण्याची भट्टी लागत नाही, सर्किट आखावे लागत नाही. आठ-नऊ तयार भाग, एक मध्यम आकाराचा चौफुली टोकाचा स्क्रूड्रायव्हर, सपाट टेबल आणि घाई नसलेली एक दुपार एवढ्यावर काम भागते. याचे कारण असे की यातला जवळजवळ प्रत्येक जोड मुद्दाम वाकडा केलेला असतो. रॅमच्या पट्टीची खाच बरोबर मध्यावर नसून किंचित एका बाजूला असते, त्यामुळे पट्टी उलटी धरली तर ती बसतच नाही. डिस्क जोडणाऱ्या सॅटा केबलचे तोंड इंग्रजी एल अक्षरासारखे असते. मदरबोर्डवरच्या, म्हणजे ज्या मुख्य पाटीवर सगळे भाग जोडले जातात तिच्यावरच्या, यूएसबी २.० च्या आणि ऑडिओच्या पिना दिसायला सारख्याच, पाच-पाचच्या दोन ओळींत असतात. पण यूएसबीमध्ये नववी पिन गाळलेली असते आणि ऑडिओमध्ये आठवी, त्यामुळे एकाची केबल दुसऱ्यावर चढत नाही.

म्हणून नवशिक्याने सगळ्याच गोष्टींना सारखे घाबरण्याचे कारण नाही. घाबरायचे, किंवा निदान थांबून पाहायचे, ते जिथे खाच काहीच सांगत नाही अशा मोजक्या ठिकाणी : चुकीचा भागही जिथे मुकाट्याने बसतो, किंवा बरोबर भाग चुकीच्या जागी बसूनही वरवर सगळे ठीक दिसते. या लेखात पुढे मी बाकीच्या गोष्टी झटपट सांगणार आहे आणि या जागांपाशी रेंगाळणार आहे.

या वाकड्या खाचांमागे एक जुना इतिहास आहे. आयबीएमने १९८१ साली आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये जादा कार्डे बसवण्यासाठी पाच स्लॉट होते, आणि त्याची तांत्रिक माहिती, सर्किटच्या आकृत्यांसह, कंपनीने पुस्तकरूपाने उपलब्ध केली होती. त्यामुळे त्या स्लॉटमध्ये बसणारी कार्डे इतरांना बनवता आली आणि पुढे अख्खे संगणकही. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे प्रमाण मांडले. त्यात मदरबोर्डचे कमाल माप ३०५ × २४४ मिलिमीटर ठरले, शिवाय स्क्रूची भोके कुठे असतील, मागच्या बाजूला पोर्टसाठी केवढी चौकट सोडायची, वीज कोणत्या आकाराच्या जोडातून येईल हेही ठरले. मायक्रो-एटीएक्स हे त्याचे २४४ × २४४ मिलिमीटरचे धाकटे भावंड, आणि मिनी-आयटीएक्स त्याहून लहान, १७० × १७० मिलिमीटरचे. एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये तिसऱ्या कंपनीच्या विजेवर चालतो, तो या मापांच्या जोरावर.

कागदावरची जोडणी

खरे अवघड काम स्क्रूड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी संपते. कोणता भाग कोणत्या भागाशी जुळतो हे कागदावर मांडून मगच खरेदी करावी, आणि मांडणीची सुरुवात कामापासून करावी. लेखन, हिशेब, अभ्यास, चित्रपट पाहणे एवढाच वापर असेल तर प्रोसेसरमध्येच असलेली ग्राफिक्सची, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवण्याची, सोय पुरते आणि १६ गिगाबाइट रॅममध्ये सुखाने काम होते. चित्रफितींचे संपादन करायचे असेल तर अधिक कोअरचा प्रोसेसर आणि ३२ गिगाबाइट किंवा त्याहून जास्त रॅम घ्यावी. खेळांसाठी संगणक हवा असेल तर खर्चाचा सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाकडे जातो. सर्वांत महागडा प्रोसेसर घेऊन मग उरलेल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड शोधणे, ही खेळासाठी संगणक जोडणाऱ्यांची नेहमीची चूक आहे.

प्रोसेसर ठरला की मदरबोर्डची निवड आपोआप अरुंद होते, कारण प्रोसेसर ज्यात बसतो ते सॉकेट जुळावे लागते. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटवर फक्त डीडीआर४ पिढीची रॅम चालते, २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, पण साधारणपणे एका बोर्डवर एकच प्रकार चालतो, आणि त्यानंतरच्या एलजीए १८५१ वर पुन्हा फक्त डीडीआर५. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असल्या तरी त्यांच्या खाचा वेगवेगळ्या ठिकाणी असल्यामुळे इथे खाच आपले काम चोख करते. चुकीची पट्टी आणली तर फार तर ती परत करावी लागते.

सॉकेट जुळले म्हणजे प्रोसेसर चालेलच असे मात्र नाही. बोर्ड ज्या वेळी कारखान्यातून निघाला त्या वेळी जो प्रोसेसर अस्तित्वातच नव्हता, तो बोर्डच्या बायोसला, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रणालीला, ओळखता येत नाही. प्रोसेसर सॉकेटमध्ये व्यवस्थित बसतो, पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. बोर्डच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक बोर्डसाठी चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येकापुढे बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते. ती यादी खरेदीपूर्वी पाहावी. काही बोर्डांच्या मागच्या बाजूला पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याचे एक बटण असते, जे प्रोसेसर नसतानाही काम करते. असे बटण असलेला बोर्ड मी थोडे जास्त पैसे देऊनही घेईन. याच जातीचा आणखी एक चकवा म्हणजे इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ हे अक्षर असते, त्यांच्यात ग्राफिक्सची सोय नसते. तो प्रोसेसर घेतला आणि वेगळे कार्ड घेतले नाही, तर बोर्डवर एचडीएमआयचे भोक असूनही त्यातून चित्र येणार नाही.

साठवणुकीसाठी आता बोर्डवरच आडवी बसणारी एम.२ प्रकारची चिप-पट्टी बहुतेकांनी घ्यावी. तिच्यावर लिहिलेला २२८० हा आकडा म्हणजे २२ मिलिमीटर रुंदी आणि ८० मिलिमीटर लांबी. पण एम.२ हे फक्त आकाराचे नाव आहे, वेगाचे नव्हे. या एकाच आकारात जुन्या सॅटा पद्धतीने बोलणाऱ्या पट्ट्या येतात, ज्यांचा वेग सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटच्या पुढे जात नाही, आणि एनव्हीएमई पद्धतीच्याही येतात, ज्यांतल्या चौथ्या पिढीच्या चांगल्या पट्ट्या सेकंदाला ७००० मेगाबाइटच्या आसपास वाचन करतात. सॅटाची पट्टी एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये बहुधा बसते, स्क्रूही लागतो, आणि तो स्लॉट सॅटा बोलत नसेल तर संगणकाला ती दिसतच नाही. बोर्डच्या पुस्तिकेतली एम.२ स्लॉटची ओळ एकदा वाचली की हा घोटाळा टळतो. त्याच पानावर, अमुक स्लॉट वापरल्यास तमुक सॅटा पोर्ट बंद होईल, अशीही एखादी बारीक अक्षरांतली टीप सापडू शकते.

कॅबिनेट निवडताना रंगीत दिव्यांपेक्षा तीन मापे पाहावीत : कोणत्या आकाराचा बोर्ड बसतो, ग्राफिक्स कार्डाला किती मिलिमीटर लांबी मिळते आणि प्रोसेसरच्या कूलरला किती उंची मिळते. दर्शनी बाजूला पाण्याच्या कूलरचा रेडिएटर लावणार असाल तर कार्डाच्या लांबीतून त्याची जाडी वजा करावी. साधारण २७ मिलिमीटरचा रेडिएटर आणि २५ मिलिमीटरचा पंखा मिळून पाच सेंटिमीटरहून अधिक जागा तिथेच जाते.

एसएमपीएसला दुय्यम समजू नये

भिंतीतली वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलून सगळ्यांना वाटणारी पेटी म्हणजे एसएमपीएस. तिच्याने संगणक वेगवान होत नाही, त्यामुळे पैसे वाचवायचे म्हटले की हात प्रथम तिच्याकडे जातो. मला हे कधीच पटलेले नाही, कारण इतर कोणताही भाग बिघडला तर बहुधा तेवढाच जातो, पण ही पेटी वाईट रीतीने बिघडली तर सोबत इतरांनाही घेऊन जाऊ शकते.

किती वॅटची घ्यावी याचा हिशेब साधा आहे. समजा, प्रोसेसर भरात असताना १२० वॅट घेतो, ग्राफिक्स कार्ड २५० वॅट घेते आणि बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क मिळून ६० वॅट घेतात. बेरीज ४३० होते. पण ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी, सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजावे अशा अवधीत, आपल्या सरासरीच्या बरीच वर उसळी मारते, आणि एसएमपीएसला ती उसळी झेपली नाही तर खेळाच्या ऐन रंगात संगणक बंद पडतो. म्हणून ४३० च्या बेरजेवर ६०० ते ६५० वॅटची पेटी घ्यावी. हजार वॅटची घेतली म्हणून वीज जास्त जळत नाही. संगणक मागेल तेवढीच वीज ती देते.

पेटीवरचा ८० प्लसचा शिक्का फक्त एवढेच सांगतो की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज उष्णता न होता पुढे पोहोचते. गोल्ड दर्जासाठी ११५ व्होल्टवरच्या चाचणीत निम्म्या भाराला ९० टक्के कार्यक्षमता लागते. म्हणजे संगणकाला ३०० वॅट हवे असतील तर भिंतीतून सुमारे ३३३ वॅट घेतले जातील आणि ३३ वॅटची पेटीतच ऊब होईल. या शिक्क्यातून पेटीतल्या सुट्या भागांचा दर्जा किंवा शॉर्ट झाल्यास ती किती तत्परतेने स्वतःला बंद करेल हे कळत नाही, त्यामुळे शिक्क्याबरोबर वॉरंटीची वर्षेही पाहावीत आणि नेमक्या त्या मॉडेलची मोजमापांसह केलेली परीक्षणे वाचावीत. आणि ही पेटी कधीही उघडू नये. तार काढून ठेवल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा धक्का देण्याइतकी वीज उरलेली असू शकते.

टेबलावर

अंगावरची स्थिर वीज हा पहिला धोका. कोरड्या हवेत दाराच्या मुठीला हात लावताना बसणारा चटका जाणवण्यासाठी साधारण ३००० व्होल्ट लागतात, आणि नाजूक चिपचे नुकसान त्याहून कितीतरी कमी, आपल्याला न जाणवणाऱ्या व्होल्टेजलाही होऊ शकते. त्यासाठी ही वीज वाहून नेणारा मनगटाचा पट्टा असेल तर उत्तमच. नसेल तर गालिच्यावर उभे राहू नये, लोकरीचे कपडे टाळावेत आणि अधूनमधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा. पाट्या कडेने धराव्यात.

मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम, एम.२ पट्टी आणि कूलर बाहेरच बसवावेत; कॅबिनेटच्या आत हात अवघडतो. सॉकेटजवळची धातूची तरफ थोडी दाबून बाजूला ओढली की खटक्यातून सुटते, आणि वरची चौकट उचलली की खाली केसासारख्या बारीक, तिरप्या सोनेरी पिनांचे शेत दिसते. एलजीए १७०० मध्ये त्या १७०० असतात, एएम५ मध्ये १७१८. इथे बोट, बाही, पुसायचा कपडा, काहीही लागू देऊ नये. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण असतो आणि सॉकेटवरही तशीच खूण असते. ते दोन्ही एका कोपऱ्यात आणून प्रोसेसर सरळ खाली ठेवायचा, दाबायचा नाही, सरकवायचा नाही. कडेच्या दोन-दोन छोट्या खाचा जुळल्या की तो स्वतःच्या वजनाने स्थिरावतो. मग चौकट लावून तरफ खाली आणताना भीती वाटेल एवढा जोर लागतो आणि कुरकुर असा आवाज येतो. प्रोसेसर नीट ठेवलेला असेल तर हा जोर आणि हा आवाज दोन्ही बरोबर आहेत. चौकटीवरचे काळे प्लास्टिकचे झाकण याच क्षणी टपकन सुटून वर येते. ते जपून ठेवावे, कारण बोर्ड दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर सॉकेट झाकायला ते लागते.

आता थर्मल पेस्ट. प्रोसेसरचे वरचे कवच आणि कूलरचा तळ डोळ्याला सपाट दिसतात, पण दोन्हींवर सूक्ष्म खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा ही उष्णतेची अतिशय वाईट वाहक आहे. चांगली पेस्ट तिच्या दोनशे-तीनशे पट बरी, पण तांबे पेस्टच्याही कितीतरी पट पुढे. म्हणून पेस्टचे काम फक्त फटी बुजवण्याचे आहे, आणि वाटाण्याएवढा एक ठिपका मध्यभागी पुरतो. खूपच कमी लावण्यापेक्षा थोडी जास्त झालेली बरी, बाकी या विषयावर लोक जेवढा वाद घालतात तेवढा फरक पडत नाही. फरक पडतो तो कूलरच्या तळावरची प्लास्टिकची पारदर्शक फिल्म काढायला विसरल्याने. तिच्यावर बहुधा सूचना छापलेली असते, तरीही माणसे विसरतात, आणि मग नवाकोरा प्रोसेसर सुरू होताच ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या मर्यादेला टेकून स्वतःचा वेग कमी करून घेतो. कूलरचे स्क्रू चाकाच्या नटांप्रमाणे समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत, आणि त्याच्या पंख्याची तार बोर्डवर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच लावावी.

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात, सॉकेटला नव्हे. तिथे कूलर काढताना सरळ वर उपटला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटबाहेर येतो आणि पिना वाकतात. आधी कूलर डावी-उजवीकडे हलक्या हाताने पिळून सैल करावा.

रॅमच्या बाबतीत खाच अर्धेच सांगते. पट्टी कोणत्या तोंडाने बसवायची ते तिला ठाऊक असते, कोणत्या स्लॉटमध्ये ते नसते. चार स्लॉट असतील आणि पट्ट्या दोन असतील तर त्या बहुतेक सर्व बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात, म्हणजे प्रोसेसरला रॅमकडे जाण्याचे दोन स्वतंत्र मार्ग मिळतात. डीडीआर५-६००० प्रकारच्या रॅमच्या एका मार्गाने सेकंदाला ४८ गिगाबाइटपर्यंत वाहतूक होऊ शकते, दोन मार्गांनी ९६. पट्ट्या पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या अशा शेजारच्या स्लॉटमध्ये बसवल्या तर दोन्ही एकाच मार्गावर जातात, संगणक तक्रार न करता चालतो आणि निम्मी रुंदी कायमची वाया जाते. पट्टी बसवताना दोन्ही टोकांना अंगठ्याने, खटका ऐकू येईपर्यंत दाबावे. अर्धवट बसलेली रॅम हे संगणक सुरू न होण्याचे फार मोठे कारण आहे.

कॅबिनेटमध्ये

बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट टेकत नाही. तो पितळी खुंट्यांवर उभा राहतो, ज्यांना स्टँडऑफ म्हणतात. बोर्डच्या पाठीवर हजारो उघडे सांधे असल्यामुळे पत्र्याशी अंतर राखणे हे या खुंट्यांचे काम. बोर्डच्या प्रत्येक भोकाखाली एक खुंटी हवी, हे सगळे सांगतात. जिथे भोक नाही तिथे खुंटी नको, हे मला स्वतःच्या अनुभवातून कळले. माझ्या पहिल्या जोडणीत बोर्ड मायक्रो-एटीएक्स होता आणि कॅबिनेटमध्ये खुंट्या मोठ्या एटीएक्सच्या हिशेबाने आधीच लावलेल्या होत्या. बटण दाबले की पंखे अर्धा वळसा घेत आणि थांबत. मी रॅम बदलून पाहिली, मग एसएमपीएसवर संशय घेतला, मग प्रोसेसरवर, आणि सगळी संध्याकाळ घालवल्यावर बोर्ड उचलला तेव्हा त्याच्या खालच्या कडेशी एक अनाथ खुंटी उभी दिसली. तिचे टोक पाठीवरच्या दोन सांध्यांना एकदमच टेकत होते आणि एसएमपीएस शॉर्ट ओळखून प्रत्येक वेळी इमानाने स्वतःला बंद करत होता. खुंटी काढली, संगणक सुरू झाला, आणि कोणताही भाग गेला नव्हता, याचे श्रेय त्या एसएमपीएसलाच.

बोर्ड आत ठेवण्याआधी मागची पत्र्याची चौकट, म्हणजे आय-ओ शील्ड, वेगळी असेल तर लावली आहे ना हे पाहावे, नाहीतर सगळे स्क्रू आवळून झाल्यावर ती टेबलावर पडलेली सापडते. पंख्यांची दिशा ओळखायची खूण सोपी आहे : बहुतेक पंख्यांत ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. समोरून आत आणि मागून-वरून बाहेर, एवढे पाळले की पुरे.

मग तारा. बोर्डची मुख्य तार २४ पिनांची, तिच्याबद्दल चूक होत नाही. प्रोसेसरसाठी बोर्डच्या वरच्या कडेला आठ पिनांचा वेगळा जोड असतो, आणि तो विसरला तर पंखे फिरूनही संगणक सुरू होत नाही. ग्राफिक्स कार्डाच्या तारेलाही आठच पिना असतात, आणि इथे मात्र खरोखर सावध राहावे : प्रोसेसरच्या तारेत १२ व्होल्ट ज्या ओळीत असतात त्या ओळीत कार्डाच्या तारेत ग्राउंड, म्हणजे वीज परत जाण्याचा मार्ग, असतो. पिनांभोवतीच्या प्लास्टिकचे कोपरे वेगळे असल्यामुळे हलक्या हाताने चुकीची तार जात नाही, जोर केला तर जाऊ शकते. प्रोसेसरची तार ४ आणि ४ अशी दुभंगते, कार्डाची ६ आणि २ अशी. शिवाय टोकावर नाव छापलेले असते. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत आणि प्रत्येक आठ पिनी तारेतून १५० वॅटपर्यंत वीज मिळते. नव्या मोठ्या कार्डांवर ६०० वॅटपर्यंत वाहणारा १६ पिनांचा एकच चिमुकला जोड असतो. २०२२ मध्ये असे काही जोड वितळल्याची प्रकरणे गाजली, आणि तपासात पुढे आलेल्या मुख्य कारणांपैकी एक होते जोड पूर्ण आत न बसणे. तो बसवल्यावर टॉर्च लावून फट उरलेली नाही हे पाहावे आणि तार तोंडाशीच मुडपू नये.

कॅबिनेटच्या दर्शनी बटणाच्या आणि दिव्यांच्या सुट्या, एक-दोन पिनांच्या तारा हा सर्वांत कंटाळवाणा भाग आहे, कारण त्यांना खाच अशी नसतेच. पुस्तिकेतली आकृती समोर ठेवून त्या एकेक लावाव्यात. बटणांच्या तारा उलट्या लागल्या तरी चालतात, दिव्यांच्या उलट्या लागल्या तर दिवा लागत नाही, आणि कोणत्याही चुकीने इथे सहसा काही जळत नाही.

काळा पडदा

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावावी, बोर्डच्या पोर्टला नव्हे. दोन्हीकडे तेच भोक असल्यामुळे खाच इथेही मदतीला येत नाही. बोर्डला लावली तर कित्येकदा चित्र येतेसुद्धा, आणि महागडे कार्ड शेजारी रिकामे बसून राहते.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा लगेच उजळला नाही तर धीर सोडू नये. डीडीआर५ असलेले बोर्ड प्रथमच सुरू होताना रॅमशी जुळवून घेण्याचे वेळापत्रक स्वतःच शोधतात आणि त्यात काही मिनिटे जाऊ शकतात; या काळात बटण पुन्हा पुन्हा दाबणे म्हणजे त्यांना प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करायला लावणे. दहा मिनिटांनंतरही काही झाले नाही तर बोर्डच्या कडेचे चार बारीक दिवे शोधावेत, ज्यांच्यावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे लिहिलेले असते. जो दिवा लागून राहतो त्या पायरीवर गाडी अडली आहे. डीरॅमचा दिवा असेल तर वीज बंद करून, एकच पट्टी पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये घट्ट बसवून पाहावे. तरीही जमले नाही तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बायोसच्या नोंदी पुसाव्यात, किंवा बोर्ड पुन्हा खोक्यावर काढून फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढ्यावर चालवून पाहावे. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही जोडावे लागेल. कॅबिनेटचे बटण नसले तरी बोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवले की तेच काम होते.

पडदा उजळला की आधी बायोसमध्ये जाऊन रॅमचा वेग पाहावा. ६००० चा वेग खोक्यावर छापलेली पट्टी सुरुवातीला ४८०० सारख्या सर्वमान्य, सावध वेगाने चालत असते. छापलेला वेग मिळवण्यासाठी इंटेलच्या बोर्डवर एक्सएमपी आणि एएमडीच्या बोर्डवर एक्स्पो ही सोय चालू करावी लागते. हे न केलेले कित्येक संगणक वर्षानुवर्षे तसेच चालत असतात. त्यानंतर एखाद्या रॅम तपासणाऱ्या प्रणालीला रात्रभर चालू द्यावे, कारण रॅममधली चूक नंतर भलत्याच ठिकाणी, खराब झालेल्या फायलींच्या रूपाने, वर येते.

ऑपरेटिंग सिस्टिमसाठी किमान ८ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर आधीच तयार करून ठेवावा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते; अलीकडच्या प्रोसेसरमध्ये ती अंगभूत असते, पण बायोसमध्ये चालू आहे ना ते पाहावे. विंडोज १० चा मुख्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे नव्या संगणकावर ती टाकण्यात अर्थ नाही. लिनक्स हा पर्याय मात्र खुला आहे. बोर्डच्या वाय-फायचा किंवा लॅनचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारी छोटी प्रणाली, त्याच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावा, नाहीतर इंटरनेटचा ड्रायव्हर उतरवण्यासाठी इंटरनेट नाही अशा विचित्र अवस्थेत माणूस अडकतो.

सगळे झाल्यावर टेबलावर एसएमपीएसच्या न वापरलेल्या तारांची एक जुडी उरते. तारा सुट्या करता येतात अशा पेट्यांमध्ये यंत्राच्या भागांकडचे टोक प्रमाणित असते, पण पेटीकडचे टोक प्रमाणित नसते. कोणत्या पिनेत १२ व्होल्ट आणि कोणत्या पिनेत ग्राउंड हे प्रत्येक निर्माता, कधी कधी एकच निर्माता दोन मॉडेलांत, आपल्या मनाने ठरवतो, आणि आकार मात्र पुष्कळदा तंतोतंत सारखा असतो. पाच वर्षांनी पेटी बदलताना जुन्याच तारा आत राहू दिल्या, तर त्या सहज बसतात आणि वीज देताच डिस्क जळू शकते. म्हणून ती जुडी एका पिशवीत घालावी, पिशवीवर त्या एसएमपीएसचे पूर्ण मॉडेल ठळक अक्षरांत लिहावे आणि ती बोर्डच्या रिकाम्या खोक्यात, सॉकेटच्या त्या काळ्या झाकणाशेजारी ठेवून द्यावी.